परिपाठातला दिनविशेष: तारीख, साल आणि वाक्य न चुकवता कसा तयार करावा

दरवर्षी सप्टेंबरच्या मध्याला मराठवाड्यातल्या कितीतरी शाळांत एक वाक्य ठणठणीत आवाजात वाचलं जातं: ‘१७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा महाराष्ट्रात सामील झाला.’ वाचणाऱ्या पोराचा दोष नसतो, त्याच्या हातात चिठ्ठी देणाऱ्या आमच्यासारख्या शिक्षकांचा असतो. त्या दिवशी निजामाचं हैदराबाद संस्थान भारतात आलं. मराठवाडा त्याच संस्थानात होता, म्हणून हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. महाराष्ट्र नावाचं राज्य तेव्हा नव्हतंच. मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच राहिला, मग द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आला. तीन तारखांचं एका वाक्यात भरीत झालं, की असं होतं.

ही रीत पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी लिहिली आहे. उदाहरणाला सगळीकडे १७ सप्टेंबरच घेतला आहे. रीत समजली की कोणतीही तारीख घ्या.

## टप्पा १: आठ दिवस आधीची तयारी

दिनविशेष आदल्या रात्री मोबाईलवर शोधून सकाळी वाचायचा नसतो. नव्याण्णव चुका तिथेच होतात. वर्गात पाळी लागली की आठवडाभर आधी दोघांची जोडी ठरवा. एकाने गोळा करायचं, दुसऱ्याने तपासायचं. दोघंही गोळा करायला लागले की तपासायला कुणीच उरत नाही, आणि आपली चूक आपल्याला दिसत नाही.

सामान फार नाही. पाठकोऱ्या कागदाच्या पंधरा-वीस चिठ्ठ्या, इतिहासाचं पाठ्यपुस्तक, भिंतीवरची दिनदर्शिका, नकाशासंग्रह. शाळेच्या कपाटात मराठी विश्वकोशाचे खंड किंवा जिल्ह्याचं गॅझेटिअर असेल तर सरांकडून किल्ली मागून घ्या. विश्वकोश आता मोबाईलवरही वाचता येतो.

प्रत्येक चिठ्ठीवर पाच गोष्टींसाठी जागा आखा: साल, कोण, कुठे, काय झालं, आणि हे कुठून घेतलं. ‘काय झालं’ इथे क्रियापद लिहायचंच. ‘अमेरिकेची राज्यघटना, १७८७’ एवढं लिहिलेली चिठ्ठी अर्धवट आहे. घटनेवर सह्या झाल्या, की ती लागू झाली? ते कळेपर्यंत चिठ्ठी पुढे सरकवू नका.

तपासा: पाचपैकी एकही जागा रिकामी असलेली चिठ्ठी वेगळ्या पाकिटात ठेवा. ‘नंतर बघू’ म्हणून चांगल्या चिठ्ठ्यांत मिसळलीत तर ती परिपाठात वाचली जाणार, हे नक्की.

## टप्पा २: दहा-बारा चिठ्ठ्या गोळा करा

वाचायच्या तीन-चारच असतात, तरी गोळा दहा-बारा करा. निवडायला माल हवा. १७ सप्टेंबरला आमच्या मुलांना सापडलेल्या काही चिठ्ठ्या अशा होत्या:

- १७८७: फिलाडेल्फियात अमेरिकेच्या राज्यघटनेवर सह्या झाल्या.
- १७८९: विल्यम हर्शेल यांनी शनीचा मिमास हा उपग्रह शोधला.
- १८५७: अवकाशयानाचं गणित मांडणारे रशियन शास्त्रज्ञ त्सिओल्कोव्स्की यांचा जन्म.
- १८७९: तमिळनाडूतील समाजसुधारक पेरियार रामसामी यांचा इरोड इथे जन्म.
- १८८५: प्रबोधनकार केशव सीताराम ठाकरे यांचा पनवेलला जन्म.
- १९१५: चित्रकार एम. एफ. हुसेन यांचा पंढरपुरात जन्म.
- १९४८: हैदराबादच्या निजामाने शरणागती जाहीर केली.
- १९८६: क्रिकेटपटू आर. अश्विन यांचा जन्म.
- १९९४: नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं.

शेवटची चिठ्ठी बघून एका मुलीने विचारलं, ‘सर, हे १७ सप्टेंबरलाच कसं काय जुळलं?’ जुळलं नाही, जुळवलं. मुक्तिलढ्याचं नेतृत्व केलेल्या स्वामीजींच्या नावाचं विद्यापीठ मुक्तिदिनी सुरू झालं. एका तारखेला दोन घटना असल्या की त्यांचा खरंच संबंध आहे, की नुसता योगायोग, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारा. हर्शेलचा उपग्रह आणि प्रबोधनकारांचा जन्म यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तो ओढून आणायचाही नाही.

## टप्पा ३: तपासणी

हा टप्पा सगळ्यात लांब आणि सगळ्यात कंटाळवाणा आहे. म्हणूनच लोक तो गाळतात. दोन दिवस याला द्या.

### ३.१ दोन साक्षीदार, पण दोन घरचे

तारीख दोन ठिकाणी सापडली म्हणजे झालं, असं नसतं. व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर आणि त्यावरून कुणीतरी छापलेलं पान हे एकाच घरचे दोन साक्षीदार. दोन्हीकडे वाक्यं शब्दशः सारखी असतील, विशेषतः शुद्धलेखनाची चूकही सारखीच असेल, तर तो एकच साक्षीदार समजा. पाठ्यपुस्तक आणि विश्वकोश, किंवा गॅझेटिअर आणि त्या संस्थेची स्वतःची माहिती, अशी जोडी चालते.

### ३.२ एका घटनेच्या तीन तारखा

मोठी घटना एका दिवसात आटपत नाही. भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरलं १३ सप्टेंबरला. निजामाने शरणागती जाहीर केली १७ ला. त्याचे सेनापती अल इद्रूस मेजर जनरल जयंतोनाथ चौधरी यांच्यापुढे रीतसर शरण आले १८ ला. तिन्ही तारखा खऱ्या आहेत, फक्त क्रियापदं वेगळी. ‘१७ सप्टेंबरला कारवाई सुरू झाली’ हे चूक, ‘१७ सप्टेंबरला शरणागती जाहीर झाली’ हे बरोबर.

आपल्या राज्यघटनेचंही तसंच: २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारली, २६ जानेवारी १९५० ला पूर्णपणे अमलात आली. अमेरिकेची १७८७ ला सह्या होऊन १७८९ ला अमलात आली. पहिल्या टप्प्यात क्रियापदासाठी हट्ट धरला तो याचसाठी.

### ३.३ रात्र कुणाची?

आपल्याकडे उजाडेपर्यंतची रात्र आदल्या दिवसाची धरतात. कॅलेंडर मात्र मध्यरात्रीच पान उलटतं. किल्लारीचा भूकंप आठवणारी माणसं ‘गणपती बुडवले त्या रात्री’ असं सांगतात. विसर्जन २९ सप्टेंबर १९९३ चं होतं, पण जमीन हलली पहाटे चारच्या सुमाराला, म्हणजे ३० सप्टेंबरला. सांगणारा खोटं बोलत नाही आणि दिनदर्शिकाही चुकत नाही. चिठ्ठीवर मात्र ३० च लिहायचं.

### ३.४ घड्याळ कुठलं?

माणूस चंद्रावर उतरला तो दिवस सगळीकडे २० जुलै १९६९ असा छापतात. अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे ते बरोबर आहे. भारतात तेव्हा २१ जुलै लागला होता, पहाटेचे पावणेदोन वाजून गेले होते. अशा घटनेला ‘अमेरिकेतील वेळेनुसार’ हे दोन शब्द जोडले की वाद मिटतो.

### ३.५ कॅलेंडर कुठलं?

त्सिओल्कोव्स्कींच्या चिठ्ठीवर एका ठिकाणी ५ सप्टेंबर आणि दुसरीकडे १७ सप्टेंबर सापडेल. दोन्ही एकच दिवस. रशियात तेव्हा जुनं ज्युलियन कॅलेंडर चालू होतं आणि ते आपल्या आजच्या कॅलेंडरच्या १२ दिवस मागे होतं. पुढच्या शतकात हे अंतर १३ दिवसांचं झालं, म्हणून रशियातली ‘ऑक्टोबर क्रांती’ आपल्या कॅलेंडरात ७ नोव्हेंबर १९१७ ला येते.

इंग्लंडने नवीन कॅलेंडर १७५२ साली स्वीकारलं. तिथे २ सप्टेंबरनंतरचा दिवस थेट १४ सप्टेंबर होता. मुलांना हे सांगितलं की ती हमखास विचारतात, ‘मग मधल्या दिवसांत ज्यांचे वाढदिवस होते त्यांचं काय?’ विचारू द्या. तोच धडा आहे.

‘गॅलिलिओ वारले त्याच वर्षी न्यूटन जन्मले’ हे लोकप्रिय वाक्यही यातच फसतं. गॅलिलिओंची तारीख नव्या कॅलेंडरातली, ८ जानेवारी १६४२. न्यूटनची जुन्यातली, २५ डिसेंबर १६४२. ती नव्यात बदलली की ४ जानेवारी १६४३ होते.

सांभाळा: रशियातली १९१८ पूर्वीची किंवा इंग्लंडमधली १७५२ पूर्वीची तारीख दिसली की थांबा. कोणत्या कॅलेंडरातली आहे ते कळलं नाही तर ती चिठ्ठी सोडून द्या. बाकीच्या भरपूर आहेत.

### ३.६ तिथी की तारीख?

पैठणची नाथषष्ठी फाल्गुन वद्य षष्ठीला असते. ती दरवर्षी वेगळ्या तारखेला येते, म्हणून यंदाची तारीख कायमच्या दिनविशेषाच्या वहीत लिहू नका. तिथीने येणाऱ्या गोष्टींसाठी वहीच्या मागच्या बाजूला वेगळी पानं ठेवा.

शक सालाचं इसवी सन करताना सगळे ७८ मिळवतात आणि अर्धे चुकतात. शके वर्ष चैत्रात सुरू होतं. पौषाचा उत्तरार्ध, माघ आणि फाल्गुन यांत इसवी सनाचं पुढचं वर्ष लागलेलं असतं, तिथे ७९ मिळवावे लागतात. शिवरायांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. ७८ मिळवले तर १६२९ येतं. फाल्गुन आहे, म्हणून ७९ मिळवा: १६३०.

घरातल्या ट्रंकेत निजामाच्या काळातला जमिनीचा कागद सापडला तर त्यावर फसली सन, म्हणजे महसुलाच्या हिशोबाचं साल, असेल. त्यात ५९० मिळवले की इसवी सनाच्या जवळ पोचता. फसली १३५७ म्हणजे १९४७-४८. वर्षाची सुरुवात जानेवारीत नसल्यामुळे एका वर्षाचा फरक पडतो, तो महिना बघून ठरवावा लागतो.

### ३.७ तेव्हाचा नकाशा

ही चूक मी स्वतः केली आहे. फळ्यावर ‘१९४८ साली लातूर जिल्ह्यात’ असं लिहिलं होतं. पोराला सोडायला आलेल्या एका आजोबांनी फाटकातून वाचलं आणि म्हणाले, ‘गुरुजी, तवा जिल्हा उस्मानाबाद व्हता.’ बरोबर होतं त्यांचं. मुक्तीच्या वेळी मराठवाड्यात पाचच जिल्हे होते: औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी, उस्मानाबाद. जालना १९८१ ला, लातूर १९८२ ला आणि हिंगोली १९९९ ला वेगळा झाला. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव तर अलीकडे झालं. ‘आजच्या लातूर जिल्ह्यात’ असं लिहिलं की काम भागतं.

### ३.८ एक नाव, दोन माणसं

नांदेड जिल्ह्यात मुक्तिसंग्रामात हुतात्मा झालेले गोविंदराव पानसरे वेगळे, आणि २०१५ साली निधन झालेले कोल्हापूरचे कॉम्रेड गोविंद पानसरे वेगळे. मोबाईलवर नाव टाकलं की दुसऱ्यांचा फोटो आधी येतो आणि तोच फळ्यावर चिकटतो. फोटो लावण्याआधी साल आणि गाव जुळतंय का बघा.

## टप्पा ४: गावची एक चिठ्ठी

हा टप्पा ऐच्छिक आहे, पण माझ्या मते दिनविशेषातला खरा जीव यातच आहे. घरातल्या किंवा गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे जा. तारीख विचारू नका. ‘पोलीस ॲक्शनच्या वेळी तुम्ही केवढे होता? शेतात काय होतं? कुणाच्या घरी लपला होता?’ असं विचारा. जुनी माणसं १७ सप्टेंबर म्हणत नाहीत, सैन्याच्या त्या कारवाईच्या नावाने पोलीस ॲक्शन म्हणतात. काळाच्या खुणाही त्यांच्या वेगळ्या: रझाकाराच्या वेळी, बहात्तरच्या दुष्काळात, भूकंपाच्या साली.

ऐकलेलं जसंच्या तसं लिहा, पण त्याला तारीख चिकटवू नका. आजी म्हणाली ‘ज्वारी गुडघ्याएवढी होती’, तर तेवढंच लिहायचं. त्यावरून ‘१७ सप्टेंबर रोजी आमच्या गावात...’ असं वाक्य तयार करणं म्हणजे खोटा पुरावा बनवणं.

आणि कागदोपत्री जन्मतारखेवर फार भरवसा ठेवू नका. जुन्या दाखल्यांवर बघा, निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला निघतो. नाव घालायला आलेल्या पोराची तारीख घरच्यांना ठाऊक नसली की मास्तर १ जून टाकून मोकळे होत.

## टप्पा ५: निवड

आता उरलेल्या चिठ्ठ्या टेबलावर पसरा. परिपाठात दिनविशेषाला दोन मिनिटं मिळतात, त्यात चार घटना बसतात. एक आपल्या भागातली, एक देशातली, एक जगातली किंवा विज्ञानातली, आणि चौथी मुलांना आवडेल ती.

दहा जन्म आणि सात मृत्यू वाचून दाखवणारा दिनविशेष कुणी ऐकत नाही. मागच्या रांगेत चुळबुळ सुरू होते. जन्माची चिठ्ठी निवडलीच, तर त्या माणसाने काय केलं हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर चिठ्ठी बाजूला.

## टप्पा ६: वाक्यं लिहिणं

आधी शब्द. जयंती हयात नसलेल्यांची असते. ‘आज आर. अश्विन यांची जयंती’ असं एकदा माईकवरून वाचलं गेलं होतं. क्रिकेटवेड्या सातवीच्या वर्गाने जो आवाज केला, तो अजून कानात आहे. हयात माणसाचा वाढदिवस. गेलेल्यांची जयंती आणि पुण्यतिथी, किंवा स्मृतिदिन.

मग हिशोब. १७ सप्टेंबर १९४९ ला मुक्तीला एक वर्ष पूर्ण झालं. म्हणजे चालू सालातून १९४८ वजा केले की ‘पूर्ण झालेली वर्षं’ येतात. ‘कितवा’ असं लिहायचं असेल तर पहिला दिवस मोजला का ते ठरवा: १५ ऑगस्ट २०२२ ला स्वातंत्र्याला ७५ वर्षं पूर्ण झाली, आणि स्वातंत्र्यदिन मात्र ७६ वा होता. घोटाळा नको असेल तर ‘इतकी वर्षं पूर्ण’ एवढंच लिहा.

सांभाळा: १७ सप्टेंबरच्या वाक्यात धर्माचं नाव येऊ देऊ नका. लढा निजामाच्या राजवटीविरुद्ध होता आणि रझाकार ही त्या राजवटीच्या बाजूची एक सशस्त्र संघटना होती. त्याच रझाकारांविरुद्ध लिहिल्याबद्दल हैदराबादचे पत्रकार शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये खून झाला, हे मुलांना ठाऊक असलं की पुढचं समजावणं सोपं जातं.

पूर्ण झालेला मजकूर साधारण असा दिसतो:

‘आज १७ सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. १९४८ साली याच दिवशी हैदराबादच्या निजामाने शरणागती जाहीर केली. देश स्वतंत्र झाल्यावर आपल्या भागाला ३९९ दिवस वाट पाहावी लागली. १८८५ साली याच दिवशी समाजसुधारक आणि पत्रकार प्रबोधनकार ठाकरे यांचा पनवेल येथे जन्म झाला. १७८९ साली विल्यम हर्शेल यांनी दुर्बिणीतून शनीचा मिमास हा उपग्रह शोधला. १९९४ साली नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले.’

यातला ३९९ चा आकडा मुलांकडूनच काढून घ्या. १५ ऑगस्ट १९४७ ते १५ ऑगस्ट १९४८ हे ३६६ दिवस, कारण १९४८ लीप वर्ष. पुढे १७ सप्टेंबरपर्यंत ३३. बेरीज ३९९. तिला ७ ने भागा: बरोबर ५७ आठवडे, बाकी शून्य. म्हणजे दोन्ही दिवशी वार एकच असणार. होताच, शुक्रवार. वाराचा ताळा असा जमला की तारीख बरोबर असल्याची आणखी एक खूण मिळते.

क्रमाबद्दल थोडकंच: आपल्या भागातली घटना आधी, मग बाकीच्या. फळ्यावर मात्र सालाच्या क्रमाने लिहा, म्हणजे डोळ्यांना काळाची रांग दिसते.

## टप्पा ७: फळा आणि वाचन

फळ्यावर आदल्या दिवशी शाळा सुटताना लिहा. सकाळी घाईत १९४८ चं १९८४ होतं. जोडीतल्या तपासणाऱ्याने चिठ्ठी हातात धरून आकडा-आकडा जुळवावा.

वाचनाची तालीम किमान दोनदा, मोठ्याने. अडखळण्याची जागा ठरलेली असते: सालं. १७८९ म्हणजे ‘सतराशे एकोणनव्वद’, १८७९ म्हणजे ‘अठराशे एकोणऐंशी’. एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यांची अदलाबदल मोठीसुद्धा करतात. चिठ्ठीवर साल आकड्यात आणि खाली अक्षरात लिहून द्या. मिमास, त्सिओल्कोव्स्की अशी नावं जिभेवर बसेपर्यंत म्हणून घ्या, नाहीतर ती चिठ्ठी बदला.

तपासा: १७ सप्टेंबरला ध्वजारोहण असल्यामुळे नेहमीचा परिपाठ होत नाही. दिनविशेष कधी आणि कुणापुढे वाचायचा हे आधीच विचारून ठेवा. पाहुणे असतील तर मजकूर आणखी एका घटनेने कमी करा.

## टप्पा ८: वाचून झाल्यावर

चिठ्ठ्या टाकू नका. तारखेच्या पानावर, वहीत, ‘कुठून घेतलं’ या जागेसह चिकटवा. पुढच्या वर्षीच्या जोडीला निम्मं काम तयार मिळेल आणि उरलेल्या चिठ्ठ्यांतून नवे चार विषय निवडता येतील.

चूक गेली असं कळलं, तर दुसऱ्या दिवशी त्याच माईकवरून, त्याच मुलाने ‘काल अमुक वाचले, ते तमुक असे हवे’ असं सांगायचं. मुलाला लाजवायचं नाही, पण सांगणं टाळायचंही नाही. वहीतल्या जुन्या चिठ्ठीवर काट मारून शेजारी दुरुस्ती लिहा, खोडरबर वापरू नका. माझ्या वहीत ‘लातूर जिल्हा’ असा काट मारलेला शब्द अजून आहे, आणि त्याच्या शेजारी लिहिलं आहे: ‘उस्मानाबाद. सांगणारे: फाटकातले आजोबा.’